वाड्याची दुरुस्ती कोणी करायची?

गेल्या दोन-तीन भागांनंतर आलेल्या मेलमध्ये एक प्रश्न पुन्हा पुन्हा दिसतोय. शहराच्या मध्यभागी जुन्या इमारती मोडकळीला आल्यात आणि दुसरीकडे साध्या पगाराच्या कुटुंबाला पुण्यात घर घेणं जमत नाही. मग या जुन्या इमारती नीट करून त्यातच परवडणारी घरं का करत नाहीत? एका श्रोत्याने सोबत युरोपातल्या गल्ल्यांचे फोटोही पाठवलेत. फोटो सुंदर आहेत.

माझं म्हणणं असं की हा प्रयोग पुण्यात होऊन गेलाय. शंभरेक वर्षं चालला. त्याला कोणी योजना म्हटलं नाही, कोणी फीत कापली नाही. सरदारांचे, सावकारांचे वाडे हळूहळू बिऱ्हाडांचे झाले आणि हजारो कुटुंबांना भर शहरात, शाळा-कचेरीपासून चालत जाण्याच्या अंतरावर, झेपेल अशा भाड्यात घर मिळालं. नंतर आपण त्याला वाडासंस्कृती असं हळवं नाव दिलं. अंगणातला पारिजातक, सगळ्यांचा मिळून एक गणपती, उन्हाळ्यातले पापड-कुरडया यांवर मराठीत भरपूर लिहिलं गेलंय, मी त्यात भर घालणार नाही. आजचा बराचसा वेळ मी भाडेपावतीवर आणि तुळईवर घालवणार आहे. हा प्रयोग मोडला तो तिथे.

आधी वाडा बांधतात कसा ते बघू, कारण पुढचं सगळं त्यावर अवलंबून आहे. पेशवाईतला पुण्याचा वाडा म्हणजे खाली घडीव दगडाचं जोतं, त्यावर सागवानी सांगाडा आणि सांगाड्यात भरलेल्या विटा-मातीच्या भिंती. खांबावर तुळई, तुळईवर कड्या, कड्यांवर फळ्या म्हणजे पाट, आणि त्यावर मातीचा जाड थर. याला कडीपाट म्हणतात. वरच्या मजल्याची जमीन ती हीच. दोन खांबांच्या मधल्या जागेला खण म्हणायचे आणि घर खणांत मोजायचे. आपण आज वन बीएचके, टू बीएचके म्हणतो तसं तेव्हा इतक्या खणांचं घर. मधे चौक, चौकाभोवती ओसरी, आत माजघर, वर माडी आणि दिवाणखाना. मोठा वाडा असेल तर दोन-तीन चौक, एकामागे एक.

खणांच्या या रचनेत एक सोय आपसूक होती. चौकाच्या बाजूला भार मुख्यतः लाकडी खांब घेतात, त्यामुळे एका खांबापासून दुसऱ्या खांबापर्यंत फळ्यांची आडभिंत घातली की ओसरीची खोली होते. फळ्या काढल्या की पुन्हा ओसरी. दिवाणखान्याच्या तीन खोल्या करायला गवंडीसुद्धा लागत नाही, सुतार पुरतो. ज्याने वाडा बांधला त्याच्या मनात बिऱ्हाडं नव्हती, पण इमारत बिऱ्हाडांना तयार होती.

आता हे वाडे रिकामे कशामुळे झाले? शनिवारवाड्याचं काम १७३० साली सुरू झालं, १७३२ साली वास्तुशांत झाली, आणि त्याच्या आसपास सरदार, कारभारी, सावकार, भिक्षुक यांची वस्ती वाढत गेली. पेठा वसल्या. १८१८ साली राज्य गेलं. राज्याबरोबर कारभार गेला, फौजा गेल्या आणि त्या सगळ्यावर जगणारी शहरातली मोठी वर्दळ ओसरली. राहिले ते मोठे वाडे आणि ते सांभाळायला अपुरं उत्पन्न. पुढच्या पिढ्यांत वाटण्या झाल्या. एका कर्त्या पुरुषाने बांधलेल्या वाड्यावर दहा-पंधरा नावं लागली. काही वाडे सावकाराकडे गेले.

आधी या जागा संस्थांनी घेतल्या. विश्रामबागवाडा दुसऱ्या बाजीरावाने बांधला, आणि १८२१ सालीच तिथे संस्कृत पाठशाळा सुरू झाली. म्हणजे राज्य जाऊन तीनेक वर्षं होतात तोच राजवाड्याची शाळा. १८४८ साली जोतिराव आणि सावित्रीबाईंची मुलींची शाळा बुधवार पेठेत भिड्यांच्या वाड्यात भरली. १८८० साली न्यू इंग्लिश स्कूल मोरोबादादा फडणीसांच्या वाड्यात सुरू झालं. १९०५ साली टिळकांनी बडोद्याच्या गायकवाडांचा वाडा घेतला, तोच आजचा केसरीवाडा. आपण ही नावं शिक्षणाच्या किंवा राजकारणाच्या इतिहासात वाचतो. घरबांधणीच्या नजरेने बघा, प्रत्येक वेळी कोणीतरी नवं काम जुन्या इमारतीत बसवतंय, कारण नवी बांधायला पैसा नाही.

संस्थांच्या मागून माणसं आली. १८५८ साली पुण्याला रेल्वे आली. खडकीला दारूगोळ्याचा कारखाना, कँपात लष्करी कचेऱ्या, शहरात शाळा, कॉलेजं, छापखाने. कारकून, मास्तर, कंपॉझिटर, परगावाहून शिकायला आलेली मुलं, कोकणातून आणि देशावरून आलेली कुटुंबं. या लोकांना पगार होता, पण घर बांधण्याइतका नव्हता. वाड्याच्या मालकाकडे जागा होती, पैसा नव्हता. दोघांची गाठ पडली.

मग वाड्याचं काय काय झालं ते ऐका. ओसरीला फळ्या लागल्या. पागेच्या खोल्या झाल्या, रस्त्याकडच्या बाजूला दुकानं निघाली. माडीवर दोन बिऱ्हाडं, दिवाणखान्यात तीन. पोटमाळ्यावर विद्यार्थी. जिन्याखाली सायकली आणि सरपण. कात्रजहून आणलेलं पाणी ज्या हौदात पडायचं त्याच्या जोडीला पुढे नळ आला, एक नळ आणि त्यापुढे दहा-बारा बादल्या. संडास मागच्या बाजूला, सगळ्यांचा मिळून. आणि प्रत्येक बिऱ्हाडाला स्वतःची मोरी हवी, म्हणून खोलीच्या कोपऱ्यात, वरच्या मजल्यावरसुद्धा, फरशीचे दोन तुकडे बसवून मोरी झाली.

त्या मोरीपाशी जरा थांबू या. कडीपाटाच्या मजल्यावर रोज पाणी ओतायचं नसतं. मोरीचं पाणी फटीतून मातीच्या थरात मुरतं, तिथून कड्यांत, आणि शेवटी तुळईच्या भिंतीत गेलेल्या टोकात. ते टोक दिसत नाही, त्याला वारा लागत नाही, ओल धरून बसतं. तिथेच सागवान कुजतं, तिथेच वाळवी लागते. मधली तुळई ठणठणीत आणि टोक भुसभुशीत, असं जुन्या लाकडी घरांत नेहमी आढळतं. बाहेरून भिंतीला पोट आलेलं दिसतं आणि लोक म्हणतात वाडा म्हातारा झाला. वय हे कारण दुय्यम. दोनशे वर्षांचं सागवान कोरडं ठेवलं तर अजून टिकतं. पाण्याची वाट लाकडापासून दूर काढली नाही, हे खरं कारण.

आणि हे दुरुस्त करता येतं, त्यात काही गूढ नाही. सगळ्या मोऱ्या आणि संडास एका उभ्या रांगेत आणायचे, त्याचे नळ सांगाड्याच्या बाहेरून उतरवायचे. तुळईचं कुजलेलं टोक कापून नवा तुकडा सांध्याने किंवा लोखंडी पट्ट्यांनी जोडायचा. कौलं फिरवायची, वाळवीचा बंदोबस्त, विजेच्या तारा नव्याने. काम किचकट आहे, वेळखाऊ आहे, पण पुण्यात सुतार होते, गवंडी होते, सागवान होतं. मग झालं का नाही? इथे भाडेपावती येते.

त्याआधी प्लेगचा उल्लेख करायला हवा, तो मी आवरता घेतो. १८९७ साली प्लेग आला, रँडच्या कमिटीने घरांच्या झडत्या घेतल्या, तो इतिहास सगळ्यांना माहीत आहे. घरांपुरता परिणाम एवढाच की दाट वस्ती, अंधाऱ्या खोल्या आणि रोगराई हे समीकरण लोकांच्या मनात बसलं. ज्यांना परवडलं ते पुढच्या तीस-चाळीस वर्षांत नदीपलीकडे डेक्कन जिमखान्याकडे बंगले बांधून गेले, त्यात वाड्यांचे मालकही होते. वाड्यात राहिले ते मुख्यतः ज्यांना दुसरा पर्याय नव्हता ते.

दुसऱ्या महायुद्धात शहरात माणसं वाढली, घरं वाढली नाहीत, भाडी चढली. सरकारने भाड्यांवर बंधनं आणली. स्वातंत्र्याच्या वर्षी, म्हणजे १९४७ साली मुंबई प्रांताचा भाडेनियंत्रण कायदा झाला. त्यात प्रमाणभाडं ठरवण्यासाठी १ सप्टेंबर १९४० ही तारीख धरली होती. त्या दिवशी जे भाडं होतं ते, थोडेफार अपवाद सोडले तर, कायम. हा कायदा तात्पुरता होता. त्याची मुदत वाढवत वाढवत अर्धं शतक गेलं.

मी भाडेनियंत्रणाच्या विरोधात नाही, हे स्पष्ट सांगतो. तो कायदा नसता तर पन्नास-साठच्या दशकात पेठांमधली अर्धी कुटुंबं शहराबाहेर फेकली गेली असती. मुलांच्या शाळा, बायकांची कामं, म्हाताऱ्यांचा दवाखाना सगळं चालत जाण्याच्या अंतरावर राहिलं ते या कायद्यामुळे. पण भाडं गोठवताना त्याच भाड्यातून होणारी दुरुस्तीही गोठली, आणि तिच्या जागी दुसरं काहीच ठेवलं नाही. आमच्या सॉफ्टवेअरच्या धंद्यात हे रोज दिसतं, नवीन काही लिहायला बजेट असतं, जुनं चालू ठेवायला नसतं, आणि मग एक दिवस सगळे मिळून जुन्यालाच दोष देतात.

१९९७ साली सर्वोच्च न्यायालयाने मालपे विश्वनाथ आचार्य खटल्यात सांगितलं की भाडं असं अनंत काळ गोठवून ठेवणं आता अवाजवी झालंय. त्यानंतर महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ आला, ३१ मार्च २००० पासून लागू झाला. त्यात मालकाला दरवर्षी चार टक्के भाडेवाढ मिळाली. आता हिशेब करू. समजा २००० साली एका बिऱ्हाडाचं भाडं महिना वीस रुपये होतं. चढत्या रकमेवर दरवर्षी चार टक्के धरले तरी पंचवीस वर्षांनी ते होतं त्रेपन्न रुपये. बारा बिऱ्हाडांचा वाडा असेल तर मालकाला वर्षाला साडेसात हजारांच्या आसपास. यातून कर भरायचा, आणि त्या मालकांतही दहा वाटेकरी.

पुढची गंमत त्याच कायद्यात आहे. इमारत राहण्याजोगी ठेवणं ही मालकाची जबाबदारी आहे. मालकाने केली नाही तर भाडेकरूने नोटीस द्यायची, पंधरा दिवस थांबायचं, स्वतः दुरुस्ती करायची आणि खर्च भाड्यातून वळता करायचा. वाचायला छान वाटतं. फक्त एका वर्षात असं वळतं करायची मर्यादा वर्षाच्या भाड्याच्या एक चतुर्थांश. महिना त्रेपन्न रुपयांच्या भाड्यात ती वर्षाला एकशेसाठ रुपये येते. एकशेसाठ रुपयांत सिमेंटचं एक पोतंही मिळत नाही, तुळईचं टोक तर सोडाच.

मालक म्हणतो, त्रेपन्न रुपयांत मी काय करू. भाडेकरू म्हणतो, जागा माझ्या नावावर नाही, मी लाखभर रुपये का घालू, आणि दुरुस्तीसाठी बाहेर पडलो तर परत आत घेतील याची खात्री काय. दोघंही आपापल्या जागी बरोबर आहेत. म्हणून प्रकरण लघुवाद न्यायालयात जातं आणि तिथे वर्षानुवर्षं राहतं, तोवर मोरीचं पाणी तुळईत मुरतच असतं.

मधे एक दिवस असा आला की हे सगळं पाण्याने उघडं पाडलं. १२ जुलै १९६१. पानशेतचं धरण फुटलं, पाठोपाठ खडकवासलाही, आणि मुठेचं पाणी नदीकाठच्या पेठांत शिरलं. मातीत बांधलेली भिंत पाण्यात उभी राहिली की विरघळते. पाणी ओसरल्यावर नारायण, शनिवार, कसबा भागात हजारो घरं गेली होती. त्यानंतर सरकारने पूरग्रस्तांसाठी नव्या वसाहती उभ्या केल्या, गोखलेनगर, लोकमान्यनगर ही नावं आपल्याला तेव्हापासूनची. संकटकाळात ते योग्यच होतं. पण मोकळ्या जमिनीवर नवं बांधायचं हे उत्तर ठरून गेलं ते गेलंच. उरलेल्या वाड्यांत सांगाडे शाबूत असलेली बरीच घरं होती, ती नीट करायला कोणतीही वेगळी यंत्रणा उभी राहिली नाही. त्याच सुमाराला, १९६३ साली, मालकी हक्काच्या फ्लॅटचा कायदा आला. मध्यमवर्गाचं स्वप्न बदललं, चांगलं भाड्याचं घर ही कल्पनाच मागे पडली.

इथून जरा मुंबईला जाऊ, कारण तिथे याच काळात वेगळं काही घडलं. दक्षिण मुंबईतल्या जुन्या चाळी पावसाळ्यात कोसळत होत्या, माणसं मरत होती. बेडेकर समितीचा अहवाल आला आणि १९६९ साली मुंबई शहरासाठी इमारत दुरुस्ती व पुनर्रचना मंडळाचा कायदा झाला. कल्पना साधी होती. जुन्या भाडेतत्त्वावरच्या इमारतींवर एक उपकर लावायचा, त्यात सरकारने भर घालायची, आणि त्या पैशातून मंडळाने इमारती टेकू लावून, दुरुस्त करून उभ्या ठेवायच्या. म्हणजे दुरुस्तीचं बिल मालक आणि भाडेकरूच्या भांडणातून बाहेर काढलं. उपकरप्राप्त इमारती सुरुवातीला १९,६४२ होत्या. पुढे १९७७ साली म्हाडा स्थापन झाली, हे मंडळ तिच्यात आलं.

मुंबईत सगळं आलबेल झालं असं मी म्हणत नाही. उपकर तोकडा पडला, दर चौरस मीटरला किती खर्च करायचा याची मर्यादा खऱ्या खर्चाच्या मागेच राहिली, आणि संक्रमण शिबिरात तात्पुरती म्हणून गेलेली कुटुंबं तिथेच म्हातारी झाली. तरीही पन्नास वर्षांनंतर त्यातल्या हजारो इमारतींत माणसं अजून राहतायत, आणि निदान दुरुस्तीसाठी जायला एक कचेरी आहे. पुण्याला हा कायदा लागू झाला नाही. म्हाडाचं पुणे मंडळ आहे, ते नवी घरं बांधतं, सोडती काढतं. वाड्याची तुळई बघायला यायचं काम त्याचं नाही.

पुण्यात त्याऐवजी काय आहे? नोटीस. महानगरपालिका कायद्याच्या २६४ कलमाखाली आयुक्त धोकादायक इमारतीच्या मालकाला आणि राहणाऱ्यांना ती सुरक्षित करा, दुरुस्त करा किंवा पाडा असं सांगू शकतात. दर वर्षी पावसाळ्याच्या तोंडावर वाड्यांची पाहणी होते, सी-१, सी-२ अशी वर्गवारी लागते. सी-१ म्हणजे तातडीने रिकामा करा. ज्या अधिकाऱ्याला ही नोटीस चिकटवायची असते त्याचाही नाइलाज असतो, उद्या भिंत पडली तर जबाब त्यालाच द्यायचाय. पण नोटिशीबरोबर पैसा येत नाही, राहायला दुसरी जागाही हमखास येत नाही. म्हणून कुटुंबं टेकू लावून, ताडपत्री टाकून तिथेच राहतात. भाडेकरूंची जुनी शंका असते की मालकालाच वाडा पडायला हवाय. २०१४ साली सर्वोच्च न्यायालयाने महाराष्ट्रातल्याच एका खटल्यात सांगितलं की पालिकेने इमारत पाडली म्हणून भाडेकरूचा हक्क संपत नाही. हे महत्त्वाचं आहे. फक्त पाडलेल्या इमारतीतल्या हक्कावर कोणाला रात्री झोपता येत नाही.

राहिला पुनर्विकास. ऐंशीच्या दशकापासून सदाशिव, नारायण, शनिवार पेठेत असंख्य वाडे गेले आणि खाली दुकानं, वर फ्लॅट अशा इमारती आल्या. याबद्दल नुसतं हळहळणं मला पटत नाही. ज्या भाडेकरूला स्वतःच्या नावाचा छोटा का होईना फ्लॅट मिळाला, घरात संडास मिळाला, त्याला विचारा. विशेषतः त्या घरातल्या बाईला विचारा. पण हे गणित जिथे बिल्डरला विकायला वरचे फ्लॅट उरतात तिथेच जमतं. दोन-अडीच हजार चौरस फुटांची जागा, अरुंद गल्ली, पुढचा भाग रस्तारुंदीत, बाजूला सोडायचं अंतर, पार्किंग, दहा भाडेकरू, आठ वारस. हे सगळं वजा केलं की विकायला काही उरत नाही आणि बिल्डर परत जातो. २०२० च्या राज्यभराच्या एकत्रित नियमावलीत भाडेकरूंच्या पुनर्वसनासाठी वाढीव एफएसआय आहे, पण एफएसआय कागदावर मिळून भागत नाही, तो बसवायला जागा लागते. आणि जिथे गणित जमतं तिथे वरचे फ्लॅट ज्या भावाने जातात तो भाव मूळ प्रश्नातल्या साध्या पगाराच्या कुटुंबाचा नसतो. वाडा भाड्याचं घर देत होता, नवी इमारत विकत देते. पेठेत नव्याने येणाऱ्या मास्तराला किंवा नर्सला तिथे दार उरलं नाही.

आणि जे वाडे आपण खरोखर जपले ते? विश्रामबागवाडा, नानावाडा यांच्यावर महापालिकेने चांगलं काम केलंय, जाऊन बघा. पण तिथे कोणी राहत नाही. जपायचं असेल तर संग्रहालय, माणसं राहायची असतील तर पाडकाम, असे दोनच कप्पे आपण करून ठेवलेत. भिडेवाड्याचं तर तेही झालं नाही. कोर्टकज्ज्यात वर्षं गेली, मूळ इमारत ढासळत गेली, आणि डिसेंबर २०२३ मध्ये स्मारकासाठी ती पाडावी लागली.

तिसरा कप्पा कसा असतो, यासाठी इटलीतल्या बोलोन्याचं उदाहरण देतो. फोटो पाठवणाऱ्या श्रोत्याने नेमकं तिथलं काही पाठवलं नव्हतं, पण माझ्या मते सगळ्यात कामाचं तेच आहे. बोलोन्याच्या जुन्या शहरातही कारागिरांची, कामगारांची भाड्याची घरं मोडकळीला आली होती. १९६९ साली पालिकेने जुन्या शहराचा आराखडा केला, आणि १९७३ साली सार्वजनिक घरबांधणीसाठीचा पैसा नव्या वसाहतींऐवजी जुन्या घरांच्या दुरुस्तीला वळवायचं ठरवलं. यामागे पिएर लुइजी चेर्वेल्लाती हा वास्तुविशारद होता, तो पालिकेच्या कारभारातही होता. त्यांनी आधी जुन्या घरांचे प्रकार अभ्यासले, कोणत्या मापाच्या घरात किती माणसांचं कुटुंब नीट बसतं ते बघितलं. थोडक्यात, आपल्याकडे खण मोजायचे तसंच. सुरुवातीला घरं सक्तीने ताब्यात घ्यायचा विचार होता. छोटे मालक खवळले. मग करार आले. पालिका दुरुस्तीला पैसा देणार, बदल्यात मालकाने ठरलेलंच भाडं घ्यायचं आणि जुन्या भाडेकरूला परत आत घ्यायचं. काम चालू असताना भाडेकरूला जवळच तात्पुरतं घर. सगळा आराखडा काही पुरा झाला नाही, प्रत्यक्ष काम ठरवल्यापेक्षा बरंच कमी झालं. पण त्या कराराकडे बघा. मालक, भाडेकरू आणि पालिका, तिघांचीही सही, आणि दुरुस्तीचं बिल कोणाचं ते कागदावर.

आपल्याकडे असा करार करायला जागा कुठे आहे? मला वाटतं सगळ्यात आधी शनिवारवाड्याभोवती. केंद्राच्या पुरातत्त्व कायद्यात २०१० साली दुरुस्ती झाली. त्यानुसार संरक्षित स्मारकापासून शंभर मीटरच्या आत नवं बांधकाम करता येत नाही, आणि त्यापुढच्या दोनशे मीटरमध्ये परवानगी लागते. त्यामुळे शनिवार आणि कसबा पेठेतल्या अनेक वाड्यांचा पुनर्विकास अडकलाय. रहिवाशांची मागणी आहे की हे अंतर कमी करा, आणि त्यांची अडचण खरी आहे. पण त्याच कायद्यात एक वाट आहे जिच्याबद्दल फार बोललं जात नाही. १६ जून १९९२ पूर्वीची जी इमारत शंभर मीटरच्या आत उभी आहे, तिची दुरुस्ती आणि नूतनीकरण परवानगी घेऊन करता येतं. वाडे तर त्याच्या शंभर-दोनशे वर्षं आधीचे.

म्हणजे एक तुकडा असा आहे जिथे कायदा पाडून नवं बांधू देत नाही आणि नीट करू देतो. बिल्डरचं गणित तिथे नाहीच, म्हणून त्याची वाट बघण्यातही अर्थ नाही. अडतं ते पैशापाशी. बँक कर्ज देताना निर्वेध मालकी मागते, ती आठ वारसांच्या वाड्याला नाही. भाडेकरूला तारण ठेवायला काही नाही. २०१५ च्या पंतप्रधान आवास योजनेत स्वतःच्या जागेवर घर बांधायला किंवा वाढवायला अनुदान होतं, पण भाडेकरूची जागा स्वतःची नसते. उपकर मुंबईपुरता. नोटीस मात्र वेळेवर येते.

करारात काय असावं याची यादी मी इथे वाचत बसत नाही, बोलोन्याचा मसुदा आणि १९६९ चा मुंबईचा कायदा शेजारी ठेवले तर बरंचसं लिहून झालंय. एक गोष्ट मात्र हाताशी असायला हवी, ती म्हणजे खरे आकडे, आणि त्यासाठी तुमची मदत लागेल. तुमच्या घरात, ट्रंकेत, देवाच्या फडताळात वाड्याच्या जुन्या भाडेपावत्या असतील तर नाव-पत्ता झाकून फोटो पाठवा. साल, रक्कम आणि खोल्या किंवा खण किती होते एवढं दिसलं तरी पुरे. आणि कोणाकडे दुरुस्तीचं बिल असेल, कौलांचं, सुताराचं, कोणत्याही सालचं, तर ते आधी पाठवा. भाडेपावत्या पुष्कळ येतील असं वाटतंय. बिलं किती येतात ते बघू.